कोकणातल्या घरातला विंचू: ओळख, बंदोबस्त आणि चावल्यावरचे पहिले तास

एप्रिल-मेमध्ये घर शाकारायला काढलं की नळ्यांखालून विंचू निघतो. जूनच्या पहिल्या सरींत तो पडवीत येतो आणि ऑक्टोबरात भात कापताना पेंढीखाली सापडतो. जांभ्याचा चिरा, कौलं, सरपण आणि गोठा ही कोकणातल्या घराची सगळी सामग्री विंचवाच्याही सोयीची आहे. त्यामुळे "आमच्याकडे विंचू येतच नाही" असं कोणी म्हणालं, तर त्या घरात रात्री कोणी नीट पाहिलेलं नाही एवढंच समजावं. विंचू शून्यावर आणणं जमत नाही. अंथरूण, चपला आणि मुलं यांच्यापासून त्याला लांब ठेवणं मात्र नक्की जमतं, आणि त्यातलं बरंचसं काम फुकटात होतं.

लाल की इंगळी?

आपल्याकडे घराभोवती दोन प्रकारचे विंचू ठळकपणे दिसतात. इंगळी मोठी, काळी किंवा हिरवट काळी असते. तिचे पुढचे आकडे खेकड्यासारखे जाडजूड आणि शेपूट त्यामानाने बारीक असते. ती जमिनीत बीळ करून राहते. दिसायला भयंकर असली तरी तिच्या डंखाने सहसा जीव जात नाही. वेदना आणि सूज येते, ती उतरते.

लाल विंचू शेपटीसकट साधारण ५ ते ९ सेंटिमीटरचा. आकडे सडपातळ, शेपूट जाड, पाठीवर दाणेदार रेघा. जीव घेऊ शकतो तो हाच. तो कोकणापुरता नाही, घाटावर, मराठवाड्यात आणि शेजारच्या राज्यांतही आहे.

रंगावर मात्र फार विसंबू नका. लाल विंचू नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत कसाही असतो, आणि नुकती कात टाकलेला तर फिकट दिसतो. बॅटरीच्या उजेडात रंग आणखी फसवतो. आकडे आणि शेपूट यांची तुलना करा. आकडे बारीक आणि शेपूट जाड असेल तर तो धोक्याचा समजून वागा. पिल्लू लहान म्हणून निरुपद्रवी नसतं, विष तेच असतं.

त्याच्या काही सवयी

विंचवाला डोळे असून नीट दिसत नाही. पायांना जाणवणाऱ्या कंपनांवर त्याचं सगळं चालतं. तो माणसाच्या मागे लागत नाही. अंगाखाली दबला, हातात आला किंवा चपलेत चेंगरला तरच डंख मारतो. दिवसभर फटीत असतो आणि अंधार पडल्यावर झुरळं, रातकिडे, वाळवी, कोळी खायला निघतो. खायला मिळालं नाही तरी महिनोन्महिने तग धरतो. म्हणून घर वर्षभर बंद ठेवलं तर विंचू आपोआप जातील ही समजूत खोटी आहे. मुंबईकरांची मे महिन्यात उघडणारी घरं सगळ्यात जास्त सांभाळून उघडावीत, ती याचसाठी.

खडबडीत भिंत, वासे, दोरी, गोणपाट यांवर तो सहज चढतो. काच, स्टीलचं भांडं आणि गुळगुळीत टाइल यांवर त्याचा पाय ठरत नाही. घराच्या बंदोबस्तात ही एकच गोष्ट तीन-चार ठिकाणी उपयोगी पडते.

आधी मोजणी: जांभळ्या टॉर्चने

औषध मारायच्या किंवा सिमेंट कालवायच्या आधी विंचू कुठे आहेत ते पाहून घ्या. विंचवाचं कवच अतिनील प्रकाशात हिरवट निळं चमकतं. खोट्या नोटा ओळखायला मिळतो तो जांभळा टॉर्च पुरतो. त्यावर ३९५ नॅनोमीटर लिहिलेलं असतं. ३६५ नॅनोमीटरचा महाग असतो, पण त्यात जांभळा झगमगाट कमी असल्यामुळे लांबचा विंचूही स्पष्ट दिसतो.

अंधार पडल्यावर तास-दीड तासाने निघा. अमावास्येच्या आसपासची, वारा नसलेली रात्र चांगली. पायात गमबूट किंवा बंद बूट हवेत, आणि जांभळ्या टॉर्चबरोबर साधी बॅटरी हवीच, कारण जांभळ्या उजेडात साप दिसत नाही. जोत्याला धरून हळूहळू एक फेरी मारा. चिऱ्यांचे सांधे, पायऱ्यांचा खालचा भाग, पाणचुलीच्या मागचा कोपरा, गडगा, न्हाणीघराच्या सांडपाण्याचं तोंड, तुळशीवृंदावनाचा पाया हे सगळं बघा. कागदाचे कपटे आणि साबणाचे डागही निळे चमकतात, पण विंचवाची चमक हिरवट आणि आकार उघड असतो. नुकती कात टाकलेला विंचू जवळजवळ चमकत नाही, तेवढा एक सुटतो. टॉर्च कोणाच्या डोळ्यांत मारू नका.

जिथे दिसेल तिथे खडूने खूण करा. तीन-चार रात्री फेरी मारली की ठराविक दोन-तीन जागांवरच खुणा जमलेल्या दिसतात. पहिलं काम तिथे.

पकडायचा कसा

लागणारं सामान: रुंद तोंडाची काचेची बरणी, जाड पुठ्ठा आणि किमान ३० सेंटिमीटर लांबीचा चिमटा. भाकरीचा चिमटा आखूड पडतो.

विंचू सपाट जमिनीवर असेल तर बरणी उपडी घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि पुठ्ठ्यासकट उलटी करा. काचेवर चढता येत नाही, त्यामुळे तो तळाशीच राहतो. भिंतीवर असेल तर बरणी त्याच्या खाली धरा आणि वरून काठीने ढकला, घाबरला की तो सरळ खाली पडतो. चिमट्याने धरायचा झाला तर शेपटीला, नांगीच्या अलीकडे. पाठीवर दाब दिला तर शेपूट वळून चिमट्यापर्यंत येते.

मारण्याआधी पाठ बघा. पांढुरक्या दाण्यांसारखं काही दिसलं तर ती मादी आहे आणि ती पिल्लं आहेत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं तिथेच असतात. अशा मादीवर चप्पल हाणली की पिल्लं खोलीभर पांगतात आणि पुढची आठवडाभर झोप जाते. केरसुणीनेही तेच होतं. इथे बरणीच हवी.

इंगळी पकडली तर घरापासून लांब, दगडांच्या ढिगाजवळ सोडून द्यावी. तिचं माणसाशी फारसं वैर नाही. लहान मुलं असलेल्या घरात सापडलेला लाल विंचू मारायला हरकत नाही, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. मेलेल्या विंचवाची शेपूट काही वेळ वळवळते आणि टोचू शकते. तोही चिमट्यानेच उचला.

घर बांधून घेणं

पेन्सिल जाईल एवढी फट मोठ्या लाल विंचवाला पुरून उरते. त्याहून बारीक फटीतूनही तो अंग चपटं करून जातो.

*चिऱ्याचे सांधे.* जांभ्याला मुळातच भोकं असतात. सगळी बुजवत बसू नका, घराच्या आत उघडणारी आणि जोत्यालगतची बुजवा. काम कोरड्या दिवसांत काढा. सळईने सांध्यातली सुटी माती दोन-अडीच सेंटिमीटर आत खरवडा. हात घालू नका. मग तो भाग पाण्याने चांगला भिजवा. हे राहून गेलं तर कोरडा जांभा सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी शोषून घेतो, मसाला आकसतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात बाजूने नवी फट पडते, ती आधीपेक्षा सरळ आणि लांब. सिमेंट १ भाग आणि चाळलेली वाळू ४ भाग घट्टसर कालवून आत दाबा, वरवर लिंपू नका. पुढचे चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा.

*दारं.* जुन्या सागवानी दाराखाली बोटभर फट असते. दाराच्या खालच्या कडेला रबरी पट्टी ठोका. पट्टी उंबऱ्याला घासली पाहिजे, लटकती ठेवून उपयोग नाही. बाहेरचं दार रात्री उघडं राहत असेल तर पट्टीचे पैसे वाया.

*टाइलचा पट्टा.* जोत्याला बाहेरून, जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीची चकचकीत टाइल सलग लावली तर विंचू वर चढू शकत नाही. टाइल खडबडीत नको, आणि दोन टाइलमधला सांधा सपाट भरा. सांधा खडबडीत राहिला तर त्याला शिडी मिळते. पायऱ्यांच्या बाजू विसरू नका, पट्टा तिथेच तुटतो.

*न्हाणीघर.* सांडपाण्याच्या भोकावर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी घट्ट बसवा.

*छप्पर.* कौलारू छप्पर विंचूबंद करता येत नाही. पलंगावर मात्र छत किंवा मच्छरदाणी बांधता येते, आणि ती गादीखाली खोचली तर वरून पडणारा आणि खालून चढणारा दोन्ही अडतात. जमिनीवर लोळणारी मच्छरदाणी म्हणजे विंचवाला पडदा. पलंग भिंतीपासून वीतभर सरकवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका आणि पलंगाचे पाय काचेच्या कोरड्या वाडग्यात ठेवा. वाडग्यात पाणी घालायची गरज नाही, घातलंत तर डास होतील. जमिनीवर अंथरूण घालत असाल तर ते झोपायच्या वेळीच घाला आणि सकाळी लगेच गुंडाळा. संध्याकाळी घालून ठेवलेल्या अंथरुणात विंचू शिरायला पुरेसा वेळ मिळतो.

*खुंटीवरचे कपडे, चपला, घोंगडी.* घालायच्या आधी झटका. बूट उपडा करून टाच दोनदा जमिनीवर आपटा. पावसात ओले गमबूट पडवीत सुकवायचे तर काठीवर उलटे टांगा.

आता सरपण. घरात येणाऱ्या विंचवांची मोठी वाट ही आहे, आणि बहुतेक घरांत नेमकं सरपणच मागच्या भिंतीला टेकवून रचलेलं असतं. ते घरापासून किमान ५-६ मीटर लांब न्या. जमिनीवर रचू नका, चार चिरे ठेवून त्यावर बांबूची माच करा, ३० सेंटिमीटर उंच. खालून हवा खेळली की वाळवी कमी लागते आणि विंचवाला ओलसर आसरा मिळत नाही. सुटलेली साल काढून टाका, विंचू लाकूड आणि सालीच्या मधेच बसलेला असतो. लाकूड ओढताना आधी काठीने ढीग ठोका, मग टोकाला धरून ओढा. ढिगाखाली हात घालून उचलू नका. त्या दिवशी लागेल तेवढंच सरपण चुलीजवळ आणा. शेणी आणि नारळाच्या सोडणांनाही हाच नियम.

शाकारणीच्या वेळी कौलं काढणाऱ्याला जाड चामडी हातमोजे द्या. उतरवलेली कौलं भिंतीला लावून महिनाभर ठेवली तर त्यांत नवी वस्ती होते. दोन-तीन दिवसांत काम उरकतं तेवढीच उतरवा.

झुरळं आणि दिवे

विंचवाचं खाणं तोडलं की त्याला तुमच्या घरात येण्याचं कारण उरत नाही. स्वयंपाकघरात झुरळांची जेल लावा, तुरीच्या निम्म्या दाण्याएवढे ठिपके, कपाटाच्या बिजागऱ्या आणि ओट्याखालच्या कोपऱ्यांत. जेल लावलेल्या जागी फवारा मारू नका, वास लागला की झुरळं जेल खात नाहीत. दाराबाहेरचा पांढरा दिवा रात्रभर जळत असेल तर किडे जमतात आणि त्यांच्या मागोमाग विंचू. तिथे पिवळा दिवा लावा, तोही दारापासून थोडा बाजूला.

औषध फवारणी: उपयोग किती

लोकांच्या अपेक्षेपेक्षा कमी. विंचू अंग जमिनीपासून उंच ठेवून चालतो आणि त्याचं कवच मेणचट असतं, त्यामुळे फवारलेल्या भिंतीवरून गेला म्हणून मरतोच असं नाही. दिवसा तो फटीत असतो, तिथे फवारा पोचत नाही. फिनेल, रॉकेल आणि झुरळाचा खडू यांनी तर तो फक्त जागा बदलतो.

तरीही फवारायचं असेल तर जोत्याभोवती, संध्याकाळी, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखं औषध. चिऱ्यावर पाण्यात मिसळायची भुकटी घ्या. तेलकट द्रावण जांभ्यात मुरून जातं आणि वर काही उरत नाही. प्रमाण डब्यावरच्या लेबलप्रमाणे, जास्त घालून जास्त गुण येत नाही. विहीर, वहाळ आणि माशांच्या टाकीजवळ अजिबात नको, ही औषधं माशांना आणि मधमाश्यांना जबर विषारी असतात. मांजर असेल तर भिंत पूर्ण सुकेपर्यंत तिला बाहेर ठेवा. फवारणीनंतर चार-पाच दिवस बिथरलेले विंचू भर उजेडातही दिसतात. त्या दिवसांत चपलेशिवाय घरात फिरू नका आणि रोज रात्री टॉर्चची फेरी मारा.

चावला तर

लाल विंचवाचं विष नसांमधले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवतं. नसा थांबायचं नाव घेत नाहीत, अंगात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरतं. मूल मरतं ते यामुळे, वेदनेने नाही.

म्हणून वेदनेवरून धोका मापू नका. आरडाओरडा करणाऱ्या कितीतरी माणसांना वेदनेपलीकडे काही होत नाही. उलट दुखणं बेताचं आहे आणि मूल घामाने न्हालंय, हे वाईट लक्षण. पाहायचं ते असं: अंगभर घाम, उलटी, तोंडाला लाळ, हात-पाय गार पडणं, छातीत धडधड, मुलाची तळमळ, मुलग्यांत आणि पुरुषांत लिंग ताठ राहणं. हे शेवटचं लोक लाजेने सांगत नाहीत, पण डॉक्टरला त्यावरून निदान होतं, सांगा. पुढे धाप, खोकला आणि गुलाबी फेस. तिथपर्यंत पोचू द्यायचं नाही.

करायचं ते क्रमाने:

१. माणसाला बसवा किंवा झोपवा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. किती वाजता चावला ते लिहून ठेवा.

२. जागा साबण-पाण्याने धुवा. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ ठेवा, उचला, पुन्हा ठेवा. बर्फ थेट कातडीवर नको.

३. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालतं: मोठ्यांना ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, मुलांना दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम. उलट्या होत असतील तर तोंडाने काही देऊ नका.

४. मूल असेल, विंचू लाल असेल, विंचू दिसलाच नसेल किंवा वरचं एकही लक्षण असेल, तर थेट दवाखाना. १०८ लावा, गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. चावलेल्याने स्वतः दुचाकी चालवू नये.

५. विंचवाचा फोटो मिळाला तर घ्या. शोधत बसू नका.

वर दोरी आवळणं, ब्लेडने कापणं, चोखणं, चिंचोका घासून लावणं, रॉकेल, दारू, यातलं काहीही विष काढत नाही. विंचू उतरवणाऱ्याला गुण येतो असं वाटतं, कारण बहुतेक मोठ्या माणसांच्या वेदना दिवसभरात आपोआप उतरतात, मंत्र म्हटला काय आणि न म्हटला काय. ज्या मुलाला खरा धोका आहे, त्याचे पहिले दोन तास मात्र तिथे जातात.

दवाखान्यात यावर औषध आहे आणि ते स्वस्त आहे. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर ती रुळवली. त्याआधी अत्यवस्थ होऊन येणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के दगावत, ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्रा वजनावर ठरते आणि काही तासांनी पुन्हा द्यावी लागते, हे काम डॉक्टरचं. घरच्यांनी एकच सांभाळायचं: गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं. लघवीला म्हणून उठवून उभं केलं किंवा मूल कडेवर घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळतो. गोळी उलटीत पडली तर लगेच सांगा.

लाल विंचवावरची वेगळी प्रतिविषाची लसही मिळते. प्राझोसिनबरोबर ती दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे महाडमध्येच झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. सर्पदंशाची लस विंचवावर चालत नाही. ती टोचायचा आग्रह धरू नका.

पावसाआधी एक फोन करून ठेवा: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात प्राझोसिन आणि ही लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का. उत्तर नकारार्थी असेल तर चावल्यावर तिथे थांबण्यात वेळ घालवायचा नाही, हे आधीच ठरतं. लक्षणं उशिराही वाढतात, म्हणून मूल खेळायला लागलं तरी २४ तास देखरेखीखाली ठेवा. चावलेली जागा पुढे काही दिवस बधिर किंवा झिणझिणती राहते, त्याने घाबरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर घ्या.

आणि दवाखान्याच्या गडबडीत विसरतं ते: तो विंचू अजून घरातच आहे. घरी थांबलेल्यांपैकी एकाने बूट घालून, जांभळा टॉर्च घेऊन ती खोली तेव्हाच बघावी. अंथरूण टोकाला धरून अंगणात न्यावं, उशीचा अभ्रा उलटा करावा, पलंगाच्या फळ्यांची खालची बाजू तपासावी, मग खुंटीवरचे कपडे. विंचू सापडेपर्यंत बाकीच्यांनी दुसऱ्या खोलीत झोपावं.